जिथे फुली, तिथे सही : मुंबईतल्या कामाच्या तासांची गोष्ट

हा आपल्या ताज्या भागाचा लेखी मसुदा. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं आहे त्यांच्यासाठी. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन ठिकाणी सालं चुकवली होती, ती इथे दुरुस्त केली आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी सैल वाटेल, सांभाळून घ्या.

तर सुरुवात घरापासून करतो. आम्ही मानखुर्दला राहतो, लल्लूभाई कंपाउंडमध्ये. त्याआधी रुळांच्या कडेला होतो. रेल्वेच्या प्रकल्पात ते घर गेलं आणि इथली २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. पप्पा सिक्युरिटी गार्ड आहेत, खाडीपलीकडच्या एका आयटी पार्कच्या गेटवर. बारा तासांची ड्युटी, एक आठवडा डे, एक आठवडा नाइट. माझ्या लहानपणापासून ‘ड्युटी’ म्हणजे बारा तास, हे आमच्या घरात ‘आठवडा म्हणजे सात दिवस’ इतकं साधं सत्य होतं.

मध्ये पीएफचा एक कागद शोधायला म्हणून पप्पांची फाइल काढली. त्यात एजन्सीत नव्याने लागताना भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स होती. बरीच पानं, सगळी इंग्रजीत. प्रत्येक पानावर खाली पेन्सिलने एक फुली, आणि फुलीवर पप्पांची सही. मी विचारलं, वाचलं होतंत का हे? पप्पा म्हणाले, “अरे, फील्ड ऑफिसर म्हणाला जिथे फुली तिथे सही. मागे वीस जण उभे होते.” त्यातलं एक पान असं होतं की, मी स्वखुशीने आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करायला तयार आहे. तारखेची जागा कोरी. ही तयारी कधीपर्यंतची, ते कुठेच नाही.

आता गंमत बघा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमची कंपनी हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर बनवते, आणि ते वापरणाऱ्यांत लेबर पुरवणाऱ्या एजन्सीज बऱ्याच. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांच्या कायद्यातल्या बदलांना मंजुरी दिली. कारखान्यात रोजची मर्यादा ९ वरून १२ तास, तीन महिन्यांतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास, आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती. दुकानं आणि इतर आस्थापनांत, जिथे २० किंवा जास्त लोक आहेत तिथे, रोजचे ९ चे १० तास. थोड्याच दिवसांत माझ्या नावावर एक काम आलं : कामगाराच्या माहितीत ‘संमती’ नावाचा एक कॉलम टाका. आणि खाली एक ओळ : डीफॉल्ट व्हॅल्यू ‘होय’.

म्हणजे पेन्सिलची फुली आता मीच मारणार होतो, एका ओळीच्या कोडने, हजारो लोकांसाठी एकदम. म्हणून म्हटलं, आधी बघू तरी की ही ४८ तासांची रेघ आली कुठून, आणि तिच्यापुढे सही कधीपासून यायला लागली.

पहिली सही

मुंबईत कामाच्या तासांबद्दल कामगारांनी केलेली पहिली मोठी सही १८८४ ची आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव रविवारच्या सुट्टीमुळे तुम्ही ऐकलं असेल. मूळ ठाण्याचे. रेल्वेत, पोस्टात नोकरी केली, मग एका गिरणीत स्टोअरकीपर झाले, आणि १८८० पासून ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचं पत्र मुंबईतून चालवायला लागले. म्हणजे गिरणीच्या आत काय चालतं हे माणसाने स्वतः पाहिलेलं होतं.

त्या वेळचा कायदा १८८१ चा. त्यात मुलांपुरतं संरक्षण होतं : सात वर्षांखालचं मूल कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. मोठ्या माणसांबद्दल एक अक्षर नाही. मुंबई सरकारने १८८४ मध्ये या प्रश्नावर कमिशन नेमलं, तेव्हा सप्टेंबरात लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या ऐका : दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळताना बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई.

सूर्य मावळेपर्यंत! म्हणजे उन्हाळ्यात जवळपास साडेबारा तास. एवढंच मागत होते, आणि तेही जास्त वाटत होतं.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात ती सगळ्यांसाठी आली. बायकांना ११ तासांची मर्यादा आली. मोठ्या पुरुषांना? अजून काही नाही.

का नाही, हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. मोठा पुरुष हा शहाणा, स्वतंत्र माणूस. किती तास काम करायचं हे तो आणि मालक आपसांत ठरवतील, सरकारने मध्ये पडायचं कारण काय, अशी ती भूमिका. शिवाय जोडीला हे असायचंच की, हिंदुस्थानी कामगार मध्ये मध्ये विडी ओढायला, जेवायला बाहेर जातो, त्यामुळे तास लांब दिसले तरी काम काही तेवढं नसतं. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळण्याचा प्रश्नच मिटला. चौदा-चौदा तास गिरण्या चालायला लागल्या, त्यावरून गिरणगावात दंगे झाले. तरीही १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनचं बहुमत मोठ्या पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालायला तयार नव्हतं. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळी भिन्न मतपत्रिका लिहिली : १२ तासांची मर्यादा घाला. १९११ च्या कायद्यात ती कापड गिरण्यांपुरती आली.

हा ‘स्वतंत्र माणूस’ गिरणीच्या गेटवर कसा उभा असायचा ते बघा. गिरणीत माणसं भरायचा मुकादम, म्हणजे जॉबर. नोकरी त्याच्या हातात, टिकवणं त्याच्या हातात, त्यासाठी दस्तुरी द्यायची. आणि कायम नसलेले ते ‘बदली’. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत जायचं, नाहीतर घरी. १९३५ मध्ये मालकांच्या संघटनेने बदली कार्डाची पद्धत आणली, तेव्हा त्यात थोडी शिस्त आली. बदलीवाल्याला मुकादमाने सांगितलं की आज जास्त थांब, तर तो नाही म्हणेल? उद्या सकाळी गेटवर पुन्हा त्याच मुकादमासमोर उभं राहायचंय. पप्पांच्या भाषेत त्याला ‘रिलीव्हर’ म्हणतात आणि मुकादमाला ‘फील्ड ऑफिसर’.

एक शब्द

पुढचा प्रवास भरभर सांगतो. १९१९ ला वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचा करार केला. आपल्याकडून कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. पण त्याच करारात हिंदुस्थानसाठी वेगळं कलम : इथे ६० तास चालतील. त्यानुसार १९२२ चा कायदा ६० तासांचा. १९३४ ला ५४. आणि १९४६ ला ४८. ती १९४६ ची दुरुस्ती केंद्रीय विधानसभेत मांडली ती मजूर मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

इथे जरा थांबतो, कारण आमच्या भागात दर एप्रिलला एक बॅनर लागतो की बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले. तसं नाही, तेव्हा कायद्यात आधीच दिवसाचे १० आणि आठवड्याचे ५४ तास होते. पण मला विचाराल तर ५४ वरून ४८ हे जास्त मोठं काम आहे. चौदा तास राबवणं वाईट हे कोणीही मान्य करेल. चोपन्न तासही जास्त आहेत हे कायद्यात लिहून घ्यायला वाद घालावा लागतो.

मग १९४८ चा कारखाने कायदा. त्याचं ५१ वं कलम मी चार वेळा वाचलं. प्रौढ कामगाराला आठवड्यात ४८ तासांपेक्षा जास्त काम करायला भाग पाडता येणार नाही ‘किंवा करू देता येणार नाही’. हे दुसरं वाक्यांश नीट बघा. नुसतं ‘भाग पाडू नका’ असतं, तर मालक म्हणाला असता, मी कुठे भाग पाडलं, तो स्वतः थांबला. ‘करू देऊ नका’ म्हटल्यावर ती पळवाट बंद. कामगार स्वतः तयार आहे की नाही हा प्रश्नच कायद्याने विचारला नाही. आम्ही कोडिंगमध्ये ज्याला हार्ड लिमिट म्हणतो ते हेच : युजरने काहीही क्लिक केलं तरी पुढे जाता येत नाही.

अर्थात सवलती होत्या. ओव्हरटाइम होता, दुप्पट दराने. पण त्यालाही कुंपण : साधारण सवलतीत तीन महिन्यांत ५० तास, आणि ओव्हरटाइम धरून कुठल्याही आठवड्यात ६० च्या वर नाही. पन्नास तास तीन महिन्यांत म्हणजे आठवड्याला चारही नाहीत. आणि १९७६ ला एक महत्त्वाची दुरुस्ती झाली : ‘कामगार’ कोण, याच्या व्याख्येत एजन्सी किंवा कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही धरला गेला, मग मूळ मालकाला त्याची माहिती असो वा नसो. ‘तो आमचा नाही, एजन्सीचा’ हे उत्तर तासांच्या बाबतीत तरी चालणार नाही असं कायद्याने ५० वर्षांपूर्वीच सांगून टाकलंय.

आता हा ५० चा आकडा कसा सरकत गेला बघा. महाराष्ट्रात मधल्या काळात ११५ झाला, आता १४४. तीन महिन्यांत १३ आठवडे, म्हणजे आठवड्याला ११ तास. ४८ अधिक ११, ५९. म्हणजे १९४८ ला जी ६० ची रेघ ‘कधीतरी, फार फार तर’ म्हणून ओढली होती, तिला आता वर्षभर, दर आठवड्याला चिकटून राहता येईल. आणि ६० म्हणजे १९२२.

बारा तासांचं गणित

हे सगळं झालं कागदावरचं. मानखुर्दमध्ये सकाळी साडेसहाला स्टेशनवर उभे राहा, तुम्हाला निळ्या आणि खाकी शर्टातली माणसं दोन्ही बाजूंना जाताना दिसतील, काही ड्युटीला, काही ड्युटीवरून. बारा तास, सहा दिवस, ७२ तास. रिलीव्हर आला नाही तर डबल. तीन महिन्यांचा हिशेब केला तर ४८ च्या वर ३१२ तास होतात. नवी मर्यादा १४४ ची आहे! म्हणजे इतकी सैल केलेली मर्यादासुद्धा आमच्या गल्लीतल्या रोजच्या आयुष्याच्या निम्मीच आहे.

पैशाचं गणित अजून सोपं. वरचे २४ तास दुप्पट दराने धरले तर ७२ तासांच्या आठवड्याला ९६ तासांचा पगार मिळायला हवा. पप्पांना १२ तासांचा ‘एक रोज’ मिळतो. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइमचा रकानाच नाही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण एजन्सी तो बंद करून ठेवू शकते. हो, ते सेटिंगही आम्हीच दिलंय.

दुसरी युक्ती शब्दांची. आमच्याकडच्या वस्त्यांत झाडू मारणारी, कचरा उचलणारी कितीतरी माणसं पालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ होती. पगार नाही, मानधन. स्वयंसेवकाला कसले आले तास? कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टातून २,७०० जणांना कायम करून घेतलं, तेही एकेकट्याने नव्हे, एकत्र नावं देऊन.

साहेबाच्या देशातला फॉर्म

मर्यादेतून सही करून बाहेर पडायची ही पद्धत सगळ्यात मोकळेपणाने वापरली ती ब्रिटनने. युरोपने १९९३ ला आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आणली, ब्रिटनने त्यात सूट मागून घेतली, आणि १९९८ च्या तिथल्या नियमांत ती आली : कामगाराने लेखी दिलं तर ४८ ची मर्यादा त्याला लागू नाही. मग काय, एजन्सीत नाव नोंदवताना बाकीच्या कागदांबरोबर तो फॉर्मही पुढे यायला लागला. ओळखीचं वाटतंय ना?

पण दोन गोष्टी त्यांच्या नियमात आहेत. एक, सही नाकारली म्हणून त्रास द्यायचा नाही. दोन, दिलेली संमती परत घेता येते, नोटीस कमीत कमी सात दिवसांची, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. आणि २००४ मध्ये जर्मन रेड क्रॉसच्या ॲम्ब्युलन्स कामगारांच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की ही संमती त्या माणसाने स्वतः, स्पष्टपणे आणि मोकळेपणाने दिलेली हवी. नोकरीच्या करारात दुसऱ्याच कुठल्या सामुदायिक कराराचा हवाला आहे, एवढ्याने ती दिली असं धरता येणार नाही.

आपलं सुप्रीम कोर्ट या प्रश्नाच्या मुळाशी त्याआधी २२ वर्षं गेलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. १९८२, दिल्लीचे एशियाड खेळ. बांधकामावरचे मजूर ठेकेदारांनी जमादारांमार्फत आणलेले. किमान मजुरी रोजची ९ रुपये २५ पैसे, जमादार त्यातला रुपया कापायचा. कोर्टाने म्हटलं की भुकेपोटी, दुसरा पर्याय नाही म्हणून माणूस किमान मजुरीपेक्षा कमीत राबत असेल, तर ते घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारीच. त्याने ‘हो’ म्हटलं असलं तरी. आणि कोविडमध्ये गुजरात सरकारने कारखान्यांना दिवसाला १२, आठवड्याला ७२ तासांची आणि दुप्पट दर न देण्याची मुभा दिली, तीही कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्यात, १९४८ चा कायदा त्यांतल्या एकीत विरघळला. ‘करू देता येणार नाही’ हे शब्द तिथेही आहेत, आठ तासांपुढे. आणि पुढे ओव्हरटाइमच्या कलमात : कामगाराच्या संमतीने.

पप्पांचं म्हणणं

हे सगळं मी पप्पांना जेवताना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आठ तासच करायचे म्हटलं, तर पगार आठ तासांचा देतील. घर चालेल?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं इंजिनिअरिंग त्याच बारा तासांतून झालंय, हे दोघांनाही माहीत होतं. मग मी विचारलं, सही केली नसती तर? “काही नाही. पॉइंट बदलतात. मानखुर्दच्या माणसाला बोरिवलीला टाकतात. दोन महिन्यांत आपणच सोडतो.”

१८८४ च्या सहीत आणि या सहीत फरक इथे आहे असं मला वाटतं. तिथे ५,५०० जणांनी एका कागदावर सही केली, कोणाचा पॉइंट बदलणार? इथे प्रत्येक जण एकेकटा टेबलासमोर, मागे वीस जणांची रांग. महाराष्ट्राने यावर एक उत्तर शोधलंही होतं. माथाडींसाठी १९६९ चा कायदा, आणि त्याच धर्तीवर सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा. गार्ड बोर्डाकडे नोंदलेला, पगार बोर्डामार्फत, एजन्सीशी एकट्याने घासाघीस नाही. पण त्याच कायद्यात सवलतीचं कलमही आहे : एकंदरीत बोर्डापेक्षा कमी लाभ मिळत नसतील तर सरकार सूट देऊ शकतं. पप्पांच्या गेटवर बोर्डाचे गार्ड कधीच नव्हते.

माझ्या त्या कामाचं काय झालं? मी ‘संमती’चा डीफॉल्ट कोरा ठेवला, आणि शेजारी आणखी दोन कॉलम टाकले : संमती दिल्याची तारीख, संमती मागे घेतल्याची तारीख. फॉर्म मराठीत आणि हिंदीतही दिसेल अशी सोय केली. रिव्ह्यूमध्ये प्रश्न आला, “मागे घेतल्याची तारीख कुठल्या क्लायंटने मागितली?” मी लिहिलं, कुठल्याही नाही. त्यानंतर ते काम ‘चर्चेत’ या रकान्यात पडून आहे.

पुढचा भाग मला १९८१ च्या त्या बोर्डावर करायचाय. ऐकणाऱ्यांपैकी कोणी, किंवा कोणाचे वडील, काका, मामा बोर्डाचे गार्ड असतील किंवा होते, तर मेल करा. नाव घेणार नाही. फक्त तेव्हाची ड्युटी किती तासांची असायची आणि जास्त थांबलात तर स्लिपवर काय यायचं, एवढं सांगा. जुनी स्लिप असेल तर तिचा फोटोही चालेल.